दहा मिनिटांत गोष्ट कळते, मग चारशे पानं कशाला?

सुरंगी | ११ मे, रात्री ९:५०

भाची दहावीची परीक्षा देऊन आमच्याकडे सुट्टीला आली आहे. गुहागरच्या बाजूला आमचं गाव. सकाळी समुद्रावर जाते, दुपारी पडवीत झोपाळ्यावर बसून मोबाईल बघते. परवा मी कपाटातली एक जाड कादंबरी काढून तिच्या हातात दिली. तिने आधी शेवटचं पान उघडून आकडा बघितला आणि म्हणाली, "मावशी, याची गोष्ट सांगणारा व्हिडिओ असेल ना? दहा मिनिटांत कळेल. मग चारशे पानं कशाला?"

उद्धटपणाने नाही विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी घाईघाईत "भाषा सुधारते" असं काहीतरी बोलले. मराठीत तिला उत्तम गुण पडतात, त्यामुळे ते उत्तर तिथेच आपटलं. दोन रात्री मी त्या प्रश्नावर विचार करते आहे. आज सविस्तर लिहिते.

माझं माहेर खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठाला. १९९४ च्या जूनमध्ये मी नववी संपवून दहावीत गेले होते. गावच्या वाचनालयात एक खोली, दोन कपाटं, शनिवारी संध्याकाळी दोन तास उघडं, एका वेळी एकच पुस्तक. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' तिथे होती, दोन खंडांत. तुंबाड आमच्याच तालुक्यातलं, नदीही आमचीच, म्हणून मी पहिला खंड उचलला. आई म्हणाली, "लावणी तोंडावर आलीय आणि एवढं मोठं आणलंस?"

लावणीच्या दिवसांत वाचायला मिळायचं ते रात्री जेवणं झाल्यावर. लाइट गेलेली, कंदील, पागोळ्यांचा आवाज, पंधरा-वीस पानं आणि झोप. मग दुसरा अख्खा दिवस मी चिखलात वाकून रोपं लावत असायचे आणि डोक्यात ती माणसं चालू असायची. याने असं का केलं असेल? तिला हे कळलं तर? संध्याकाळी पाय धुऊन घरात येईपर्यंत माझं कालचं मत बदललेलं असायचं. पुस्तक मिटलेलं असताना पुस्तक चालू होतं. भाचीला मला हे सांगता आलं नाही. दहा मिनिटांच्या गोष्टीला मधले दिवसच नसतात.

आणखी एक. माझे आजोबा कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा वतनदार. ती खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण आमच्या घरात 'खोत' हा शब्द १९९४ सालीही दात आवळून उच्चारला जायचा. त्या कादंबरीत मी महिनाभर एका खोताच्या घरात राहिले. सुरुवातीला मला त्या घराचा रागच होता. मग हळूहळू त्यांच्यातल्या कुणाची काळजी वाटायला लागली, कुणाची लाज वाटायला लागली, आणि राग गेला नाही तरी त्याचा आकार बदलला. कुणी मला "एका खोत घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट" असं दहा मिनिटांत सांगितलं असतं, तर मी आले होते तोच राग घेऊन उठले असते.

दुसरा खंड वाचनालयात नव्हता. कुणीतरी नेलेला. दोन शनिवार गेले. त्या दिवसांत मी मनातल्या मनात पुढची गोष्ट रचून काढली, सगळ्यांची लग्नं लावली, दोघांना मारलं. खरा खंड हातात आला तेव्हा लेखकाने भलतंच काही केलेलं. मला त्याचा राग आला, मग पटलं. एखाद्या लेखकाशी मी पहिल्यांदा भांडले ते असं.

याचा पुढे काय उपयोग झाला? सासरी आमचा जमिनीच्या वाटपाचा वाद बरीच वर्षं चालला. सामाईक सातबारा, एकोणीस नावं, निम्मी माणसं मुंबईला. प्रत्येक बाजू आपली गोष्ट पाच मिनिटांत सांगायची आणि त्या पाच मिनिटांत ती खरीच वाटायची. मी एकेकाकडे जाऊन बसले, चहा पीत राहिले, दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. जुने दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "तुला कंटाळा कसा येत नाही?" ही चिकाटी मला कुणी शिकवली नव्हती. त्या पावसाळ्यातच ती लागली असं मला वाटतं.

तुम्ही तेरा ते सतरा या वयात कुठलं मोठं पुस्तक पूर्ण वाचलंत, आणि आज त्यातलं काय उरलं आहे? पुस्तकांच्या याद्या नकोत, त्या खूप झाल्या. काय उरलं ते सांगा.

रातांबा | ११ मे, रात्री ११:१५

सुरंगीताई, 'मधले दिवस' हे अगदी बरोबर पकडलंत.

मी सावंतवाडीचा. श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासूनचं, मोती तलावाजवळ. वडील तिथे सभासद होते. मी आठवीत असताना त्यांनी एक मोठी कादंबरी घरी आणली, आणि आजीने फर्मान काढलं की रोज रात्री मोठ्याने वाचायची. आजीला अक्षरओळख नव्हती. ती आठळ्या सोलत किंवा तांदूळ निवडत बसायची आणि मी वाचायचो. रोज सुरू करण्याआधी तिचा एकच प्रश्न, "काल खंयपर्यंत इलंव?" आणि मग काल काय झालं ते मी माझ्या शब्दांत सांगायचं. चुकलो तर ती दुरुस्त करायची. माझ्या हातात पुस्तक, तरी तिचं पाठांतर माझ्यापेक्षा पक्कं!

अडीच महिने लागले. मधे तिला ताप आला तेव्हा चार दिवस खंड पडला. ताप उतरल्यावर पहिलं वाक्य, "त्या झिलाचा फुडे काय झाला?"

मी आज वकील आहे. अशील समोर बसतो, हकीगत सांगतो, तारखा पडत जातात, महिने उलटतात. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री फाईल उघडताना माझ्या डोक्यात तेच वाक्य येतं: काल खंयपर्यंत इलंव? लांबलचक गोष्टीचा धागा हातातून न सोडता दिवसेंदिवस घेऊन चालणं मी आजीसमोर बसून शिकलो. लॉ कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही.

कातळसडा | १२ मे, सकाळी ७:०५

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

राजापूर तालुक्यातल्या सड्यावरच्या वाडीतला मी. आमच्या शाळेच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली गुरुजींकडे. गावात वाचनालय नव्हतं. मार्च ते मे आम्ही पोरं आंब्याच्या कामाला. झेल्याने आंबे काढायचे, प्रतवारी लावायची, पेट्या भरायच्या. दिवसाला मिळेल ती मजुरी घरात जायची. चारशे पानांचं पुस्तक पूर्ण वाचायला आधी ते हातात यावं लागतं, आणि ते वाचायला रिकामी संध्याकाळ लागते. या दोन्ही गोष्टी सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

मी वाचलं ते पेट्यांमध्ये घालायच्या रद्दीत. मुंबईची वर्तमानपत्रं यायची गठ्ठ्याने. रविवारच्या पुरवणीतली कथा अर्धी मिळायची, खाली लिहिलेलं असायचं 'पान ५ वर', आणि पान ५ त्या गठ्ठ्यात नसायचं. मी अख्खा गठ्ठा उपसायचो. मुकादम ओरडायचा. एकदा पान ५ सापडलं ते एका भरून बंद केलेल्या पेटीत, तळाला. मी ती पेटी उघडली, वाचली, पुन्हा भरली.

अशा तुकड्यांवर मी वाढलो आणि माझं काही बिघडलं नाही. आज माझा स्वतःचा काजू प्रक्रियेचा व्यवसाय आहे, बँकेची कागदपत्रं मी स्वतः वाचतो, कामगारांशी नीट बोलता येतं. म्हणून "जाड पुस्तक वाचलं नाही तर माणूस अर्धवट राहतो" असा सूर मला खटकतो. गरिबाच्या पोराला आधीच खूप गोष्टी कमी असतात, त्यात ही एक भर कशाला घालायची?

सुरंगी | १२ मे, सकाळी ९:३०

कातळसडा, राग कसला? तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. किल्ली गुरुजींकडे असलेलं कपाट मीही पाहिलं आहे. आणि अर्धवट वगैरे मी म्हटलेलं नाही, तसं वाटलं असेल तर माझ्या लिहिण्यात कमी पडलं.

पण एक विचारते. भरलेली पेटी तुम्ही उघडलीत. मुकादमाची बोलणी खाऊन, आंबे खाली काढून, तळाचं पान वाचून, पुन्हा भरलीत. गोष्ट अर्धी राहिलेली तुम्हाला सहन झाली नाही. आज एक व्हिडिओ अर्धा सोडून दुसऱ्यावर जाताना मुलांना काहीच टोचत नाही. तुम्हाला टोचलं. तुमच्या हाती तुकडे आले, पण तुम्ही शोधत होतात ते अखंडच. मला तर वाटतं, तुमच्यासारख्या मुलाच्या हाती त्या वयात एक पूर्ण पुस्तक पडायला हवं होतं. तो तुमचा हक्क होता आणि तो कुणीतरी कपाटात कुलूप लावून ठेवला.

कातळसडा | १२ मे, सकाळी १०:१०

पान ५ चं तुम्ही म्हणता तसं मी कधी बघितलंच नव्हतं. विचार करतो.

खडूफळा | १२ मे, रात्री ८:४०

रत्नागिरीत माध्यमिक शाळेत शिकवते, २३ वर्षं झाली. दोन्ही बाजू रोज वर्गात बसलेल्या दिसतात. अनुभव वर बरेच आलेत, मी थोडी आकड्यांची बाजू मांडते, कारण पालक सभेत मला नेहमी विचारतात की याला काही आधार आहे का.

एक मोठा अभ्यास ३१ देशांतला, सुमारे १ लाख ६० हजार प्रौढांचा, वय २५ ते ६५. त्यांना विचारलं, तुम्ही सोळा वर्षांचे असताना घरात साधारण किती पुस्तकं होती? मग त्यांची वाचनाची, हिशोबाची आणि संगणक वापरण्याची क्षमता तपासली. पुस्तकं वाढत गेली तशी तिन्ही कौशल्यं वाढलेली दिसली, साडेतीनशे पुस्तकांच्या आसपास ही वाढ थांबत गेली. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: शिक्षण शाळेतच थांबलेली पण पुस्तकांच्या घरात वाढलेली माणसं, मोजक्याच पुस्तकांच्या घरात वाढून पदवीधर झालेल्यांच्या बरोबरीला आली होती. घरात पुस्तकं असणं म्हणजे ती वाचणं असं नाही, हे मला माहीत आहे. तरी पालकांना सांगण्यासारखं आहे.

दुसरा ब्रिटनमधला. १९७० मध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करत आले आहेत. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आवडीने वाचणाऱ्या मुलांची या काळातली प्रगती जास्त होती, शब्दसंग्रहात तर होतीच, पण गणितातही. आईवडिलांच्या शिक्षणापेक्षाही आवडीच्या वाचनाचा संबंध जास्त दिसला. कातळसडा, हे मी तुमच्या मुद्द्याच्या बाजूने सांगते आहे. घरची पायरी खाली असली तरी वाचन मुलाला वर घेऊ शकतं, म्हणून तर कुलूप काढायला हवं.

आणि थेट 'लांबी' वर. अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा (PISA) नावाची चाचणी होते, तिच्या २०१८ च्या फेरीत, ज्यांना शाळेसाठी शंभराहून जास्त पानांचं सलग वाचायला लागत होतं, ती मुलं दहा पानं किंवा त्याहून कमी वाचणाऱ्यांपेक्षा वाचनात ३१ गुणांनी पुढे होती, घरची परिस्थिती आणि मुलगा-मुलगी हा फरक हिशोबात धरूनही. भारत त्या फेरीत नव्हता. शिवाय चांगल्या वाचणाऱ्यांनाच शाळा मोठी पुस्तकं देते असंही असू शकतं, त्यामुळे "जाड पुस्तकाने ३१ गुण वाढतात" असं कृपया कुणी पुढे पाठवू नका.

मोबाईलवर वाचलं तर चालेल का, हाही प्रश्न येतो. ५४ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजलेला आढळला. गोष्टीच्या बाबतीत मात्र कागद आणि पडदा यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरी मोबाईलवर वाचणाऱ्या मुलावर ओरडायचं कारण नाही, फक्त वाचताना सूचनांचा टिंगटिंग आवाज बंद असू दे.

आता माझं स्वतःचं. परीक्षा उतारे विचारते. उतारा, त्याखाली पाच प्रश्न. दहा वर्षांच्या शाळेत मूल शेकडो उतारे वाचतं आणि कित्येकदा एकही पुस्तक पूर्ण वाचत नाही. उताऱ्यातल्या माणसाला भूतकाळ नसतो, पुढे त्याचं काय होतं तेही कळत नाही. मुलं त्यावर चटकन मत देतात, कारण उताऱ्यात मत बदलायला जागाच नसते. मी नववीच्या वर्गात वर्षाला एक पूर्ण पुस्तक वाचते, रोज शेवटच्या तासाला दहा मिनिटं. जूनमध्ये एखाद्या पात्राला 'वाईट' ठरवणारी मुलं दिवाळीपर्यंत त्याच्या बाजूने वाद घालायला लागतात. हे बघण्यासाठी मी शिक्षकी करते असं म्हणायला हरकत नाही.

(अवांतर: रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ मध्ये. या किनाऱ्यावर पुस्तकं गाडीच्या १७० वर्षं आधी पोचली होती!)

वाशिष्ठीकाठ | १३ मे, दुपारी ३:२०

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं, १८६४ पासूनची संस्था ती, २००५ मध्येही तिने पूर सोसलेला. आमच्या घरात तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं. पुस्तकांचं कपाट आडवं झालं. पाणी उतरल्यावर दारं उघडली तर पुस्तकं फुगून एकमेकांत अडकलेली, काढायला गेलं की लगदा हातात. घमेल्यांनी भरून बाहेर टाकली. तीस वर्षांत जमवलेली सुमारे सहाशे पुस्तकं.

वर्षभराने घर उभं राहिल्यावर नवरा म्हणाला, यादी कर, हळूहळू परत घेऊ. मी वही घेऊन बसले. मला चौदा नावं सुचली. सहाशेपैकी चौदा. नंतर लक्षात आलं की त्यातली अकरा मी सातवी ते अकरावीच्या दरम्यान वाचलेली. नंतरच्या वयात मी कितीतरी चांगली, जास्त समज असलेली पुस्तकं वाचली, काही पुरस्कारवाली. ती गेल्याचं वाईट वाटलं, पण ती परत घरात हवीत असं वाटलं नाही. ही अकरा मात्र नसतील तर घर माझं वाटेना.

का, ते सांगता येत नाही पूर्णपणे. त्या वयात आपण स्वतःच अजून ठरलेले नसतो, म्हणून जे वाचू ते आतल्या बांधकामात जातं, असं काहीसं असावं. खेडच्या बाजूला जांभा चिरा खाणीतून काढतात तेव्हा तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. उन्हा-वाऱ्यावर राहिला की टणक होतो. मग त्यावर काही कोरायचं तर छिन्नी मोडते.

अकरापैकी आठ मिळाली. बाकीची तीन छापायची बंद झाली आहेत.

दाभोळ_फेरी | १३ मे, रात्री १०:०५

नमस्कार. मी बहुतेक इथे सगळ्यात लहान आहे, १७ वर्षं, यंदा बारावी सायन्स. इतके दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितोय.

आमच्यावर नेहमी असं बोललं जातं की यांना मोबाईल हवा, यांना धीर नाही. मला कॉलेज आणि क्लाससाठी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला आणि पुढे एसटीने जावं लागतं. जाऊन-येऊन तीन तास. त्यात मी वाचतो. एसटीत आठ पानं होतात, बोटीवर फक्त दोन, कारण वारा. गेल्या वर्षी अकरावीत असताना साडेपाचशे पानांची कादंबरी अशी वाचली. पाच महिने लागले. मित्र विचारायचे, "अजून तेच?" मला ते आवडायला लागलं होतं, अजून तेच असणं. बाकी सगळं दर आठवड्याला बदलतं, टेस्ट, टॉपिक, रँक. ते एक पुस्तक दप्तरात तसंच होतं.

अडचण धीराची नाही, आम्हाला कुणी एका गोष्टीबरोबर एकटं सोडतच नाही. वाचत बसलो तर घरचे विचारतात, "अभ्यासाचं आहे का?" नाही म्हटलं की चेहरा पडतो. मोबाईल बघत बसलो तर उलट कमी बोलतात, कारण त्यांना वाटतं क्लासचा व्हिडिओ असेल.

एक प्रश्न पण आहे. पुस्तक मधेच कंटाळवाणं झालं तर? मी त्या कादंबरीतली जवळजवळ चाळीस पानं नुसती चाळली. मग पूर्ण वाचली असं म्हणता येईल का?

खडूफळा | १४ मे, सकाळी ६:५०

दाभोळ_फेरी, येईल. माझ्या मते चाळीस पानं चाळूनही तू त्या पुस्तकाला सोडलं नाहीस हे मोठं. आणि एखादं पुस्तक मुळीच धरत नसेल तर सरळ परत कर, दुसरं घे. मुलांनी स्वतः निवडलेलं जाड पुस्तक पूर्ण होतं, आपण लादलेलं बहुतेक पन्नासाव्या पानावर मरतं, असा माझा अनुभव.

"अभ्यासाचं आहे का?" हे वाक्य मी या वर्षीच्या पालक सभेत वाचून दाखवणार आहे. तुझी परवानगी आहे असं धरते.

रातांबा | १४ मे, सकाळी ८:००

बोटीवर दोनच पानं, कारण वारा. किती सुंदर लिहिलंस रे. बारावीला शुभेच्छा.

तांडेल | १४ मे, रात्री ९:१५

मला लिहायची सवय नाही. हर्णैला आमची बोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा जाळी शिवायची, बोट शाकारायची, आणि दुपारी वेळ असतो. शाळा नववीत सुटली. तेव्हा काकांनी पावसाळ्यात एक पुस्तक दिलं, दर्यावर्दी लोकांचं, भाषांतर होतं. दोन पावसाळे लागले. पहिल्या पावसाळ्यात अर्धं झालं, नारळीपौर्णिमा झाली, बोट निघाली. पुस्तक दहा महिने फडताळात. दुसऱ्या जूनला उघडलं तर सगळं आठवत होतं, कुठलं माणूस कुठे होतं ते.

माझा मुलगा दहावीत आहे. हा धागा बघून काल त्याला ते पुस्तक काढून दिलं. वाळवीने कडा खाल्ल्यात, अक्षरं शाबूत आहेत. अजून उघडलेलं नाही त्याने. १ जूनची वाट बघतो.

सुरंगी | १६ मे, दुपारी १:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला हा धागा वाचायला दिला. 'पान ५' आणि 'काल खंयपर्यंत इलंव' हे दोन्ही तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग काही न बोलता उठली आणि कपाटासमोर जाऊन उभी राहिली. मी दिलेली कादंबरी तिने घेतली नाही. 'तुंबाडचे खोत' चा पहिला खंड घेतला, मी वर लिहिलं होतं म्हणून असेल. मी गप्प राहिले.

काल रात्री पान १४० वर होती. सकाळी आंबोळ्या खाताना विचारलं, "मावशी, तुझे आजोबा कूळ होते म्हणजे नक्की काय?" मी सातबारा काढून आणला, कूळ म्हणून नाव कसं लागतं ते दाखवलं, आजोबांचं नाव दाखवलं. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं गेलं, त्या दिवसाबद्दल आजी काय सांगायची तेही सांगितलं. तासभर गेला. आंबोळ्या गार झाल्या.

सुरंगी | २६ मे, रात्री ८:३०

मदत हवी आहे. पहिला खंड संपला. माझ्याकडे दुसरा आहे असं मी धरून चालले होते, पण कपाटात नाही. कधीतरी कुणाला दिला आणि परत आला नाही. गावच्या वाचनालयातली प्रत खूप जुनी, मधली पानं नाहीत. विकत मागवला आहे पण पोचायला आठ-दहा दिवस लागतील म्हणतात, आणि तिची सुट्टी १० जूनला संपते. ती दिवसातून तीनदा विचारते. जवळपास कुणाकडे आहे का?

वाशिष्ठीकाठ | २६ मे, रात्री ८:५५

माझ्याकडे आहे. पुरानंतर परत घेतलेल्या आठांतलं ते एक. उद्या सकाळच्या चिपळूण–गुहागर एसटीत वाहकाकडे देते, ओळखीचे आहेत. स्टँडवर कोण येईल?

सुरंगी | २६ मे, रात्री ९:००

ती स्वतः येणार म्हणते आहे.

वाशिष्ठीकाठ | २७ मे, संध्याकाळी ६:४०

मिळालं का?

सुरंगी | २७ मे, रात्री ९:२५

मिळालं. एसटी पाऊण तास उशिरा आली, ती स्टँडवरच उभी होती. घरी यायच्या रिक्षातच उघडलं. आत्ता पडवीत आहे, लाइट गेली आहे, कंदील लावून दिला. दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा मारत नाही, ताट झाकून ठेवलंय.